परदेशी नोकरीला निघण्यापूर्वी : कामाची आणि घराची आखणी

परदेशातील नोकरीचा विचार सुरू झाला की खारेपाटण आणि आसपासच्या गावांतील घराघरांत तेच ते प्रश्न उभे राहतात : एजंटाला पैसे किती आणि केव्हा द्यायचे, बायको-मुलांना बरोबर न्यायचे की गावी ठेवायचे, जमिनीच्या कागदांवर सही कोण करणार, बँकेतील खाते तसेच चालू ठेवता येते का, आणि तिकडे काही बरेवाईट झाले तर दाद कोणाकडे मागायची. विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगाला वसलेल्या या गावाला परदेशाशी व्यवहार नवा नाही. शिलाहार राजा रट्टराज याच्या इ. स. १००८ मधील खारेपाटण ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या जहाजांवरील कराचा उल्लेख आढळतो. मात्र अलीकडच्या काही पिढ्यांना सवय आहे ती मुंबईच्या चाकरमान्याची. कर्ता पुरुष मुंबईत, बाकीचे घर गावी, पैसा महिन्याच्या महिन्याला आणि माणूस गणपतीला किंवा ईदेला, ही व्यवस्था तोंडी विश्वासावर चालली, कारण घरात अडचण आली तर चाकरमानी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दारात हजर होऊ शकत असे. परदेशी गेलेल्या माणसाला रजा, तिकीट, व्हिसा आणि मालकाची परवानगी यांवाचून हलता येत नाही, आणि म्हणून मुंबईच्या नोकरीत जे काम शब्दावर भागत होते ते येथे कागदावर करून ठेवावे लागते. हा कागद कोणता, कोठे आणि कोणत्या क्रमाने करावा, याचे मार्गदर्शन पुढे दिले आहे.

पहिला निर्णय : कोण जाणार आणि कोण राहणार

एजंटाकडे पासपोर्ट देण्याआधी हा निर्णय घरात बसून घ्यावा, कारण नोकरीची निवड बऱ्याच अंशी त्यावर ठरते. सामान्यतः तीन पर्याय असतात.

- एकट्याने जाणे. कंपनीच्या सामूहिक निवासात राहणाऱ्या कामगाराला कुटुंब नेणे बहुधा शक्य नसते. अशा वेळी खरी आखणी मागे राहणाऱ्यांची करावी लागते.
- कुटुंबासह जाणे. यासाठी बहुतेक देश किमान पगाराची अट घालतात. संयुक्त अरब अमिरातीत पत्नी-मुलांना आश्रित म्हणून नेण्यासाठी महिना ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी अट २०१९ पासून आहे. परंतु एवढ्या पगारात घरभाडे आणि शाळेची फी भागवणे कठीण असते, म्हणून व्हिसा मिळतो एवढ्यावरून परवडते असे मानू नये.
- आधी एकट्याने आणि नंतर कुटुंबाने जाणे. चाचणीचा काळ, म्हणजे ज्या अवधीत मालक अल्प सूचनेने नोकरी संपवू शकतो तो काळ, उलटेपर्यंत कुटुंब गावीच ठेवावे. अमिरातीच्या कायद्यात ही मुदत जास्तीत जास्त सहा महिने आहे.

युरोपात जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : आश्रित जोडीदाराला तेथे काम करता येते का, आणि त्याच्यासाठी भाषेची परीक्षा सक्तीची आहे का. हे नियम फार झपाट्याने पालटतात. ब्रिटनने वृद्धसेवेच्या कामावर येणाऱ्यांना कुटुंब आणण्याची मुभा मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि जुलै २०२५ मध्ये या कामासाठी परदेशातून होणारी नवी भरतीच थांबवली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नातलगाचा अनुभव आजच्या निर्णयाला आधार म्हणून पुरत नाही.

नोकरी खरी आहे का, याची खातरजमा

परदेशी नोकरभरतीचे नियमन उत्प्रवासन अधिनियम, १९८३ या केंद्रीय कायद्याने होते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ असा की सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया इत्यादी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी अडथळा नसून कामगाराचे कवच आहे, कारण तिच्यासाठी मालक, एजंट आणि पगार या तिन्हींची सरकारदरबारी नोंद होते.

पैशाचा विषय निघण्यापूर्वी पुढील बाबी पडताळाव्यात :

1. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणी चालू आहे, रद्द झाली आहे की स्थगित आहे, हे तेथे दिसते.
2. गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा मध्यस्थ स्वतः नोंदणीकृत आहे का, हे विचारावे. नोंदणीकृत एजंटालाही बिनानोंदणीचे उपएजंट नेमण्याचा अधिकार नाही.
3. परदेशी मालकाचे मागणीपत्र पाहावे आणि त्यातील पद व पगार आपल्याला सांगितलेल्या पद-पगाराशी जुळतो का, हे ताडून घ्यावे.
4. एजंटाला कामगाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच आहे. ते बँकेतून द्यावे आणि पावती घ्यावी. पावती नाकारणाऱ्याला पैसे देऊ नयेत.
5. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. या विम्याचा कागद घरी ठेवूनच निघावे.

घरकामासाठी आखातात जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारक स्त्रियांना किमान वय ३० वर्षे ही अट आहे आणि त्यांची भरती शासकीय संस्थांमार्फतच व्हावी लागते, म्हणून खासगी मध्यस्थाने दाखवलेली अशी नोकरी नाकारावी. जहाजावर जाणाऱ्या तरुणांसाठी व्यवस्था वेगळी आहे : त्यांची भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे निषिद्ध आहे.

कंत्राटात काय वाचावे

पगाराचा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही, कारण तो मूळ वेतन आणि भत्ते यांत विभागलेला असतो आणि नोकरी सुटताना मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम अनेक ठिकाणी मूळ वेतनावर मोजली जाते. अमिरातीत ही रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील तर दहा वर्षांच्या नोकरीनंतर हाती येणारी रक्कम त्या प्रमाणात घटते. याखेरीज पुढील कलमे अवश्य पाहावीत :

- कामाचे तास, जादा कामाचा दर आणि साप्ताहिक सुट्टी;
- राहणे, जेवण व वैद्यकीय विमा कोणाच्या खर्चाने;
- रजा किती महिन्यांनी मिळते, आणि रजेचे विमानतिकीट कोण देतो;
- मालक बदलण्याची मुभा आणि मुदतीपूर्वी परतल्यास होणारे परिणाम;
- मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्याची जबाबदारी.

भारतात सही केलेल्या कंत्राटाच्या जागी तिकडे पोहोचल्यावर कमी पगाराचे दुसरे कंत्राट पुढे करणे, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. त्यावर उपाय एवढाच की पहिल्या कंत्राटाची एक प्रत घरी, एक मोबाइलमध्ये आणि एक स्वतःजवळ असावी, आणि न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्यापूर्वी आपल्याला समजेल अशा भाषेतील प्रत मागावी.

कागदपत्रे : नावाच्या स्पेलिंगपासून साक्षांकनापर्यंत

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण नावाची असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे स्पेलिंग असेल, किंवा पत्नीच्या कागदांवर माहेरचे आणि सासरचे नाव मिसळलेले असेल, तर कुटुंबाचा व्हिसा तेथेच अडतो. म्हणून या दुरुस्त्या नोकरी ठरण्याची वाट न पाहता सुरू कराव्यात. विवाह नोंदणी झाली नसल्यास ग्रामपंचायतीत करून घ्यावी; विवाह मंदिरात झालेला असो वा निकाह असो, कुटुंबाच्या व्हिसासाठी नोंदणी प्रमाणपत्र उपयोगी पडते. मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचे पूर्ण नाव आहे, याचीही खात्री करावी.

परदेशात दाखवायच्या कागदांचे साक्षांकन, म्हणजे ते अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, दोन पद्धतींनी होते. सौदी अरेबिया, ओमान, बहरीन आणि युरोपातील बहुतेक देश यांच्याशी भारताचे कागद हेग ‘अपोस्टिल’ कराराखाली चालत असल्याने त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. अमिराती, कतार व कुवेत यांच्यासाठी मात्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. दोन्ही बाबतींत राज्य पातळीवरील पडताळणी आधी होते, आणि तिला वेळ द्यावा लागतो.

सुख नदीच्या पुराचे पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. मूळ कागद जलरोधक पिशवीत, पुराची रेषा न पोहोचणाऱ्या ठिकाणी ठेवावेत आणि त्यांची जागा घरातील किमान दोघांना माहीत असावी.

घर, जमीन आणि सहीचा अधिकार

कोकणातील सातबारा बहुधा सामाईक असतो. त्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे असतात, काही मयत असतात आणि काहींच्या वारसांची नोंदच झालेली नसते. निघण्यापूर्वी सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे काढावेत, प्रलंबित वारसनोंदी व फेरफार तलाठी कार्यालयात पूर्ण करून घ्यावेत, आणि ज्या व्यवहाराला सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागणार आहेत तो शक्यतो जाण्यापूर्वीच उरकावा. पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावायचे असल्यास लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीच्या अर्जावरून ते करता येते, आणि मागे राहून शेत, घर व मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला तो अधिकार मिळणे न्यायाचे आहे.

- मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार. ते सर्वसाधारण न करता ठरावीक कामांपुरते करावे : घरपट्टी व वीजबिल, पीकविमा, बँक, न्यायालयीन काम इत्यादी. जमीन विकण्याचा अधिकार खरोखर गरज असल्याशिवाय देऊ नये, आणि दिल्यास तो दस्त नोंदवावा.
- केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.
- परदेशात गेल्यावर मुखत्यारपत्र करायचे झाल्यास ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.
- मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. म्हणून मृत्युपत्र वेगळे करावे. मुस्लिम कायद्यानुसार वारसांच्या संमतीविना एक-तृतीयांश संपत्तीपुरतेच मृत्युपत्र करता येते. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण त्यावरून ती एकटी मालक ठरत नाही.

आंबा-काजूची बाग कोणाला कराराने द्यायची असेल तर मुदत, रक्कम आणि कलमांच्या देखभालीची जबाबदारी लिहून घ्यावी. भातशेती दुसऱ्याच्या हाती सोपवताना ई-पीक पाहणी आपल्याच नावाने होते आहे, यावर घरच्यांनी दर हंगामात लक्ष ठेवावे, कारण वहिवाटीचे वाद अशाच दुर्लक्षित नोंदींतून उगवतात.

पैसा, बँक आणि कर

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते, आणि तिचे जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही; बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ खात्यात बदलावे लागते. परदेशातील कमाई ‘एनआरई’ खात्यात ठेवल्यास तिच्या व्याजावर भारतात कर नसतो आणि रक्कम पुन्हा परदेशी नेता येते. भारतातील भाडे, बागेचे उत्पन्न इत्यादी एनआरओ खात्यात जमा होते. सुरू असलेले पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, मात्र नवे उघडता येत नाही. अनिवासी व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली किंवा निवासी असताना घेतलेली जमीन ठेवता येते. गावात शेत घेण्याचा बेत असणाऱ्यांनी हा नियम विशेष ध्यानात घ्यावा.

नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिला असेल तर तो करासाठी त्या वर्षी सामान्यतः अनिवासी धरला जातो. एप्रिलपासून गावीच असणाऱ्याने सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागण्यापूर्वी प्रस्थान केल्यास ही अट पूर्ण होते.

पैसे पाठवताना घरखर्चाची रक्कम पत्नीच्या किंवा आईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा करावी. नातलगाच्या मध्यस्थीने रोख पाठवण्याची पद्धत टाळावी. जाण्यासाठी कर्ज काढले असल्यास त्याचा हप्ता, घरखर्च आणि बचत असा तीन भागांचा हिशोब आधीच लिहावा, आणि पहिले तीन महिने पगार हाती येणार नाही असे धरून तेवढी शिल्लक घरात ठेवावी.

मुलांचे शिक्षण आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी

मुलांना परदेशी नेताना दहावी-बारावीच्या वर्षांचा विचार आधी करावा. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी राज्यातून उत्तीर्ण असणे सामान्यतः आवश्यक असते, त्यामुळे आखातातील भारतीय शाळेतून बारावी झालेल्या मुलाची ही वाट बंद होऊ शकते. दुसऱ्या बाजूस, अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमांत आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. कोणती वाट धरायची हे मूल आठवीत असतानाच ठरवलेले बरे.

आई-वडील मागे राहणार असतील तर पुढील गोष्टी पूर्ण कराव्यात :

- ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. त्याचे कार्ड काढून घ्यावे.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेवरील नावे दुरुस्त असावीत.
- रात्री-अपरात्री कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी कोणाची गाडी आणि कोण माणूस, हे नाव घेऊन ठरवावे. ‘कोणीतरी येईलच’ यावर विसंबू नये.
- शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेण्याचा अधिकार भावंडांपैकी कोणाला, आणि खर्चाची वाटणी कशी, हे सर्वांसमक्ष लिहून ठेवावे.

वारंवार होणाऱ्या चुका

- पर्यटक व्हिसावर कामाला जाणे. अशा व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा ठरतो, आणि भारतातील नोंदणी व विमा या दोहोंचे संरक्षण सुटते.
- थायलंडमार्गे ‘डेटा एन्ट्री’ची नोकरी. अशा आमिषाने तरुणांना म्यानमार, कंबोडिया व लाओस येथील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडले असून परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून त्याबाबत इशारे दिले आहेत.
- सामानात खसखस नेणे. अमिराती व सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते. घरच्या मालवणी मसाल्यात किंवा लाडवात ती असू शकते. मायेने बांधून दिलेल्या डब्यामुळे मुलगा विमानतळावर अटकेत जाऊ नये, म्हणून मसाला खसखशीविना करावा. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे परवानगी व डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय नेऊ नयेत, आणि दुसऱ्याचे पार्सल उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.
- पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देणे. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आणि अमिराती, कतार व सौदी अरेबियाचे नियमही तो अडकवून ठेवण्याची मुभा मालकाला देत नाहीत.

अडचण आल्यास हक्क आणि दाद

पगार थकला, मारहाण झाली किंवा कंत्राट मोडले तर प्रथम त्या देशाच्या कामगार खात्याकडे आणि भारतीय दूतावासाकडे लेखी तक्रार करावी. दूतावासांकडे अडचणीतील भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, ज्यातून निवारा, कायदेशीर मदत, परतीचे तिकीट किंवा पार्थिव आणण्याचा खर्च गरजूंना मिळू शकतो. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर गावातूनच तक्रार नोंदवता येते, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. एजंटाने फसवल्यास पोलीस ठाण्यात आणि उत्प्रवासी संरक्षकांकडे, दोन्हीकडे तक्रार द्यावी. मागे राहिलेल्या स्त्रीला जमीन, पोटगी किंवा फसवणुकीच्या दाव्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांसाठी त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही.

क्रम ध्यानात ठेवावा

प्रथम घरातील निर्णय, नंतर नावांच्या दुरुस्त्या व नोंदण्या, मग एजंट व कंत्राटाची पडताळणी, त्यानंतर मुखत्यारपत्र, बँक व विमा, आणि सर्वांत शेवटी पैसे व तिकीट, हाच क्रम सुरक्षित आहे. घाईत तो उलटा होतो आणि पैसे आधी गेल्यामुळे खोटे कंत्राटही मुकाट्याने स्वीकारावे लागते. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे की, प्रस्थानाची तारीख ठरवण्यापूर्वी आपण पत्नी, आई-वडील आणि भावंडे यांच्यासह एकत्र बसावे, वर सांगितलेल्या प्रत्येक बाबीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे, आणि ज्या एजंटाला या कागदांना लागणारा वेळ अडचणीचा वाटतो त्याची नोकरी निःसंकोचपणे नाकारावी.